गाव गेले ते माणसांमुळे नव्हे

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीविषयी गेल्या दोन-तीन दशकांत मराठीत पुष्कळ आठवणी लिहिल्या गेल्या. दिवाळी अंकांत, शाळांच्या स्मरणिकांत, गृहनिर्माण संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकांत त्या सापडतात. नौपाडा-चरईतली कौलारू घरे, तलावपाळीवरची संध्याकाळ, पारनाक्यावरचे वाडे, फडके रोडवर भेटणारी ओळखीची माणसे हे सारे त्यांत जिव्हाळ्याने येते. शेवट मात्र बहुधा एकाच ठिकाणी होतो: आमचे गाव आता राहिले नाही, बाहेरून आलेल्या लोंढ्याने ते गिळले.

या आठवणी खोट्या नाहीत आणि त्यांमागचे प्रेमही खरे आहे. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. तो घातकही आहे, कारण ज्यांच्या निर्णयांनी गाव बिघडले त्यांना तो मोकळे सोडतो आणि ज्यांनी गाव उभे केले त्यांच्याच माथी खापर फोडतो.

खंडनाआधी पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीने मांडला पाहिजे. त्याचे चार मुद्दे आहेत. ही गावे मुळात स्थिर आणि एकजिनसी होती, हा पहिला. तिथे शेजारधर्म होता, तो बंद दारांच्या फ्लॅटनी मारला, हा दुसरा. वाचनालये, व्याख्याने, नाटके यांनी समृद्ध असलेले तिथले सांस्कृतिक जीवन गर्दीत विरले, हा तिसरा. आणि या साऱ्याचे मूळ येणाऱ्या माणसांच्या संख्येत आहे, हा चौथा. शेवटच्या मुद्द्याला जनगणनेचा आधारही आहे. ठाणे महापालिकेची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ८ लाख होती, २०११ मध्ये ती १८ लाखांच्या पुढे गेली. वीस वर्षांत माणसे दुपटीहून अधिक झाली, तर कोणत्याही गावाचा चेहरा बदलणारच. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणूनच तो एकेक करून तपासायला हवा.

आधी स्थैर्याचे पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली आणि पुढच्याच वर्षी, मे १८५४ मध्ये, रूळ कल्याणला पोहोचले. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. हे सन ओळीने मांडले की क्रम उघड दिसतो. ज्या संस्थांना आपण गावाचा जुना ठेवा म्हणतो, त्या रेल्वेनंतरच्या चाळीस वर्षांत जन्मल्या. ठाणे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. कचेरीतले कारकून, वकील, शिक्षक, रेल्वेतले नोकर कोकणातून आणि देशावरून तिथे आले, भाड्याच्या बिऱ्हाडांत राहिले आणि त्यांनी ग्रंथालये, शाळा, मंडळे काढली. आज आपण ज्यांना मूळ ठाणेकर म्हणतो, त्यांतल्या कित्येकांचे पणजोबा पडशी खांद्याला लावून ठाण्याच्या फलाटावर उतरलेले होते.

डोंबिवलीचे तर बोलायलाच नको. तिथले गणेश मंदिर १९२४ चे. त्या काळात स्टेशनाच्या दोन्ही अंगांना भातशेती होती आणि वस्ती होती ती आगरी पाड्यांची. पुढच्या चार-पाच दशकांत गिरगाव, दादर, परळच्या एका खोलीत मावेनाशी झालेली कुटुंबे स्वस्त जागेच्या शोधात इथे आली. डोंबिवलीला ज्यांचा अभिमान वाटतो आणि ज्यांचे नाव तिथल्या सभागृहाला दिले आहे, ते पु. भा. भावे धुळ्यात जन्मले, नागपुरात घडले आणि मग डोंबिवलीकर झाले. मराठी मध्यमवर्गीय डोंबिवली ही स्थलांतरितांनीच वसवलेली वसाहत आहे. तिने नंतर आलेल्यांना 'लोंढा' म्हणावे, याला इतिहासाचा आधार नाही.

एकजिनसीपणाची गोष्टही तशीच आहे. ठाण्यात टेंभी नाक्यापासून पायी फिरायला निघा. बेने इस्रायलींचे १८७९ चे सिनेगॉग, पारश्यांची अग्यारी, पोर्तुगीज काळापासूनचे सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० मध्ये बांधवलेले कौपिनेश्वराचे देऊळ आणि स्टेशनापलीकडचा चेंदणी कोळीवाडा, हे सारे एकाच फेरीत येते. कल्याण त्याहून जुने. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या बंदराचे नाव आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. घरदार गमावून आलेल्या या माणसांनी पत्र्याच्या बराकींत कारखाने आणि बाजार उभे केले. त्या बाजारावर पुढे कल्याण-डोंबिवलीकरांचे लग्नाचे बस्ते बांधले गेले. बाहेरून आलेल्याने गाव बुडवले की वाढवले, याचे उत्तर याहून स्पष्ट काय हवे?

आता शेजारधर्म. चाळीत दारे उघडी असत, वाटीभर साखर मागता येई, पोर कोणाच्याही घरी जेवे, हे खरेच आहे. पण त्यामागची कारणे सांगितल्याशिवाय ही आठवण अपुरी राहते. दार उघडे असे, कारण दहा बाय बाराच्या खोलीला ती एकच हवेची वाट होती. मजल्यावर नळ एक, संडास दोन. पाणी पहाटे चारला येणार, म्हणून साडेतीनला बायकांच्या कळश्यांची रांग लागायची. पहिल्या तासाभरात धार करंगळीएवढी झाली की पुढची रांग तशीच उभी. मग दोन पिंपे भरून ठेवायची, घरातल्यांचे डबे करायचे आणि नोकरी असेल तर ७ वाजून अमुक मिनिटांची गाडी पकडायची. शेजारीण पाणी भरून ठेवी, कारण उद्या तिचेही कोणीतरी भरायला हवे होते. त्या टंचाईतही माणसे माणुसकीने वागली, ही मोठी गोष्ट आहे आणि तिला मुजरा केलाच पाहिजे. पण ती माणुसकी टंचाईने दिलेली देणगी होती असे म्हणणे म्हणजे त्या बायकांचे कष्ट पुसून टाकणे. 'चाळीतले दिवस सोन्याचे होते' असे लिहिणारे बहुतेक पुरुष आहेत. ज्यांनी त्या दिवसांत पाणी भरले, त्यांनी स्वतःच्या घरात स्वतंत्र नळ आल्यावर काय सुख अनुभवले, हे विचारायचे कोणाच्या मनात आले नाही.

चाळ संपण्याचे कारणही माणसांच्या मनात नव्हते, कायद्यात होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते. पण भाडे कायमचे थिजल्यावर मालकाने दुरुस्ती सोडली आणि नव्या भाड्याच्या चाळी बांधणे थांबले. साठच्या दशकात सहकारी संस्थांचा कायदा आणि मालकी सदनिकांचा १९६३ चा कायदा आला. मध्यमवर्गाने कर्ज काढून, पीएफ मोडून, दागिने गहाण ठेवून घरे घेतली. डोंबिवलीच्या रामनगर-टिळकनगरातल्या त्या तीन मजली, लिफ्ट नसलेल्या, जिन्याला जाळी असलेल्या इमारती अशा उभ्या राहिल्या. ज्या 'ओनरशिप'ने शेजार मारला असे आज म्हटले जाते, तिनेच कोकणातल्या, देशावरच्या हजारो कुटुंबांना आयुष्यात पहिल्यांदा हक्काचे छप्पर दिले. गिरणी संपानंतर, म्हणजे १९८२ नंतर, गिरणगावातून निघालेल्या कुटुंबांनाही ठाण्या-कल्याणनेच सामावून घेतले. मग ज्या दारांमागे ती माणसे पहिल्यांदा निवांत झोपली, त्या बंद दारांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

तिसरा मुद्दा संस्कृतीचा. इथे तर पुरावा सरळ उलट्या दिशेने जातो. गडकरी रंगायतन उघडले १९७८ मध्ये, वागळे इस्टेटच्या कारखान्यांनी ठाणे भरून गेल्यावर. टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव त्याच दशकातला. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तोवर महापालिका होऊन दीड दशक लोटले होते आणि 'गाव संपले' ही तक्रार जुनी झाली होती. तिथून ती प्रथा ठाण्यात, गिरगावात आणि पुढे महाराष्ट्रभर गेली. फडके रोडवरची दिवाळी पहाट गर्दीवाचून शक्यच नाही. तिचा सारा आनंदच गर्दीचा आहे. नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१७ मध्ये डोंबिवलीत भरले. नाट्यगृहाला प्रेक्षक लागतात, व्याख्यानमालेला श्रोते लागतात, ग्रंथालयाला वर्गणीदार लागतात. पाच-पंचवीस हजारांच्या वस्तीला हे सारे पेलले नसते. संस्कृती टिकली ती वाढीच्या जोरावर. जिथे ती खरोखर आटली, तिथे कारण शोधावे ते ग्रंथालयांच्या तोकड्या अनुदानात आणि मराठी शाळांच्या ओसरत्या पटात.

या स्मरणरंजनाचा सर्वांत मोठा दोष मात्र अजून यायचा आहे. त्यात काही माणसे मुळीच नाहीत. जी डोंबिवली 'शांत गाव' म्हणून आठवली जाते, ती आगरी शेतकऱ्यांच्या शेतांवर उभी राहिली. त्यांना कोणते गाव आठवत असेल? ठाण्याच्या आठवणी नौपाड्यात सुरू होऊन राम मारुती रोडवर संपतात. वागळे इस्टेटमध्ये तीन पाळ्यांत राबणाऱ्या, किसननगरच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांचे ठाणे त्यांत कुठे आहे? कल्याणच्या आठवणी पारनाका आणि सुभेदारवाड्यापाशी थांबतात. कोळसेवाडीतल्या रेल्वे कामगारांचे, तमिळ-तेलुगू फायरमन आणि गँगमनचे कल्याण कोणी लिहायचे? मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींनंतर जीव मुठीत धरून मुंब्रा-कौशात आलेली कुटुंबे तर 'लोंढा' या शब्दापलीकडे कोणाच्या लेखणीत आलीच नाहीत. एका वर्गाचे तारुण्य म्हणजे गावाचा इतिहास, ही चूक या साऱ्या लेखनाच्या मुळाशी आहे.

उरला चौथा आणि खरा मुद्दा. माणसे वाढली हे मान्य. पण माणसे वाढल्याने गाव आपोआप बिघडत नाही. बिघडते ते येणाऱ्या माणसांसाठी जे करायचे ते न केल्याने आणि जे राखायचे ते विकल्याने. याची साखळी दाखवता येते.

जमिनीपासून सुरुवात करू. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतू चांगला होता: मोकळ्या जमिनी मूठभरांच्या हाती राहू नयेत. प्रत्यक्षात जमीन वर्षानुवर्षे सवलतींच्या आणि खटल्यांच्या कागदांत अडकली, कायदेशीर घरे महागली आणि गरजू माणूस अनधिकृत चाळींकडे लोटला गेला. राज्याने हा कायदा २००७ मध्ये सोडला, पण तोवर तीस वर्षे निघून गेली होती. कल्याणच्या भोवतीची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत घेतली, २००२ मध्ये वगळली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली. जिथे पालिका कोणती हेच ठरत नाही, तिथे गटार आणि रस्ता कोणाकडे मागायचा? त्याच पट्ट्यात बांधकामे सर्वांत बेफाम झाली. ४ एप्रिल २०१३ रोजी लगतच्या शीळ-डायघरला बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे मेली. डोंबिवली परिसरात बनावट कागदपत्रांवर उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडण्याचे आदेश २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने दिले, तेव्हा रस्त्यावर येण्याची वेळ आली ती आयुष्याची कमाई घालून तिथे घर घेणाऱ्यांवर. यांना गाव बुडवणारे म्हणायचे? हे तर बुडवले गेलेले लोक आहेत.

नंतर रोजगार. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ १९६२ मध्ये वागळे इस्टेटमधून झाला. ठाण्यात रेमंडची गिरणी १९२५ पासून होती, कल्याणजवळ मोहने येथे एनआरसी कंपनीचा कारखाना होता. घराजवळ काम, कामाजवळ घर अशी जी वस्ती आज लोकांना हवीहवीशी वाटते, ती या कारखान्यांनी घडवली होती. रेमंडचे ठाण्यातले उत्पादन २००९ मध्ये थांबले आणि एनआरसीही त्याच वर्षी बंद पडली. पुढे रेमंडच्या आवारात टोलेजंग गृहसंकुले आली. कारखान्याच्या जमिनीवर घरे आली, पण त्या घरांत राहणाऱ्यांना काम कुठे? मुंबईत. म्हणून गाडी. आणि गाडीचे काय झाले? जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलच्या दारांत लटकणारे प्रवासी रुळांवर पडून मेले. कसारा आणि कर्जत या दोन्ही मार्गांचा भार कल्याणला एकत्र येतो, हे दीडशे वर्षांपासून माहीत होते. तरी ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये पुरी झाली. ही गर्दी लोकसंख्येची कमी आणि दिरंगाईची जास्त आहे.

आणि पाणी. ठाणे खाडी आणि उल्हास नदीच्या काठाने आगरी-कोळी शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या खाजणे, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेते, राखली. खारे पाणी अडवायला मातीचा बांध आणि बांधात उघाडी. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघाडीचे दार मिटते. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी दाराला आतून ढकलते आणि खाडीत निघून जाते. यंत्र नाही, वीज नाही. बांधाची दर वर्षीची डागडुजी गावकीने करायची, एवढाच खर्च. खाजणांत भराव पडला, तिवरे तुटली, नाले बुजले आणि पावसाच्या पाण्याची वाटच बंद झाली. २६ जुलै २००५ ला उल्हासने कल्याण-बदलापूरला जो तडाखा दिला, त्यात विक्रमी पावसाइतकाच या बुजवलेल्या वाटांचाही हात होता. तलावांचे तसेच. ठाण्यात एकेकाळी साठांहून अधिक तलाव होते असे सांगतात. आज पस्तिसेक उरले आहेत. तलाव भाडेकरूने बुजवला नाही. त्याला कोणाची तरी सही लागली.

इथवर खंडन झाले. आता मंडन. माझे म्हणणे असे की शोक जरूर करावा, पण नेमक्या गोष्टींचा. खाजण, तलाव आणि नाल्यांच्या वाटा गेल्या, त्यांचा करावा. घराजवळचे काम गेले, त्याचा करावा. परवडणाऱ्या भाड्याची घरे गेली, त्यांचा करावा. पायी चालायचा रस्ता गेला, त्याचा करावा. या चारही गोष्टी जुन्या रहिवाशाच्या जितक्या, तितक्याच काल आलेल्याच्याही आहेत. म्हणजे स्मृतीचे खरे काम दोघांना एका बाजूला उभे करण्याचे आहे. आजचे स्मरणरंजन त्यांना समोरासमोर उभे करते, आणि या भांडणाचा लाभ ज्यांनी जमीन विकली त्यांनाच होतो.

यावर एक आक्षेप येईल: मग गावाला स्वतःची ओळख नकोच का? कितीही माणसे येऊ द्यावीत, भाषा, चालीरीती वाहून जाऊ द्याव्यात? नाही. ओळख हवीच. पण ठाण्या-डोंबिवलीची ओळख शंभर वर्षांपूर्वी आलेल्यांनी संस्था काढून घडवली, वस्तीची दारे लावून नव्हे. आज कासारवडवली किंवा पलावाच्या संकुलात राहणाऱ्या मुलाला मराठी वाचनालय पायी गाठता येते का, त्याच्या शाळेत मराठी नीट शिकवली जाते का, हे ओळखीचे खरे प्रश्न आहेत. घोडबंदर रोडवर लाखोंनी वस्ती वसली, पण तिथे नौपाड्याच्या तोडीची किती ग्रंथालये उभी राहिली? ओळख टिकवायची तर १८६४ च्या कल्याणकरांनी केले तेच करावे लागेल: वर्गणी काढावी लागेल.

स्मृतीचा दुसरा उपयोग पुराव्याचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की नागरिकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात, सुनावणी घ्यावी लागते. तिथे नकाशावर नुसता पिवळा रंग दिसतो. त्या पिवळ्याखाली नाला वाहत होता, इथे विहीर होती, हा बांध फोडला की अमुक आळीत पाणी शिरते, हे सांगू शकतात ते फक्त जुने रहिवासी. सत्तरीतल्या आगरी शेतकऱ्याला उघाडीची जागा आठवते, कोळणीला तिवरांची हद्द आठवते, निवृत्त शिक्षकाला तलावाचा मूळ काठ आठवतो. या आठवणी सुनावणीत हरकतीच्या अर्जावर, गट क्रमांकासह, जुन्या छायाचित्रासह दाखल झाल्या तर त्यांना वजन येते. केवळ लेखांत राहिल्या तर त्या चार समवयस्कांचे डोळे ओले करून विरून जातात.

ज्यांना गाव आठवते, त्यांच्यावर म्हणूनच जबाबदारी मोठी आहे. आठवणी लिहाव्यात, पण त्यांत पाड्यांची, चाळींतल्या बायकांची, कामगारांची नावे यावीत. नव्याने आलेल्या शेजाऱ्याला गावाचा इतिहास सांगावा आणि पुढच्या सुनावणीला त्यालाही सोबत न्यावे. सोसायटीच्या जमिनीचे अभिहस्तांतरण बिल्डरने केले नसेल, तर मालकी सदनिका कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीने दिलेला मानीव अभिहस्तांतरणाचा हक्क बजावावा, म्हणजे पुनर्विकास रहिवाशांच्या अटींवर होईल. ही कामे रुक्ष वाटतात. पण ज्या पिढीने वाचनालये, शाळा आणि रंगायतन उभे केले, तिनेही सभा, ठराव, वर्गण्या आणि अर्ज यांतूनच ते केले. तिचे वारस म्हणवून घ्यायचे असेल, तर आलेल्या माणसांना बोल लावणे सोडून तिचे अर्धे राहिलेले काम हाती घेतले पाहिजे.